शस्त्राआधीं सुई

स्तनांत गांठ लागली तरी आपल्याकडील कित्येक स्त्रिया महिनोन् महिने ती कोणासही दाखवीत नाहींत. 'दाखविलें कीं कापलें' ही त्यांची समजूत सुशिक्षित मंडळी अडाणीपणाची म्हणून हंसण्यावारीं नेतात. परंतु वैद्यकाचा इतिहास पाहिला तर ही समजूत एके काळीं अगदीं यथार्थ होती, असें कबूल करावें लागतें.

१८९४ सालीं बाल्टिमोरच्या हॉलस्टेड या शल्यवैद्यानें संपूर्ण स्तन, छातीचे स्नायु व काखेंतील ग्रंथि एकदम काढण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली. पुढें विसाव्या शतकांत, शस्त्रक्रिया चालू असतांनाच गांठीचा तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची रीत रूढ झाली. निकाल वाईट आला कीं त्याच गुंगींत स्तन काढीत. आपण जाग्या होऊं तेव्हां स्तन शाबूत असेल कीं नाहीं, हें टेबलावर निजणाऱ्या स्त्रीस ठाऊक नसे. संमति अगोदरच घेतलेली असे. पण ज्या रोगाचा निर्णयच झालेला नाहीं, त्याच्या उपचारास दिलेली संमति कितपत खरी मानावी? अखेर १९७९ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या तज्ज्ञपरिषदेनें निदान व उपचार हे दोन टप्पे अलग ठेवावेत, असा अभिप्राय दिला. स्वतः हा रोग भोगलेली लेखिका रोझ कुशनर त्या परिषदेच्या मंडळावर होती.

हे टप्पे अलग करण्याचें साधन मात्र पूर्वींच जन्मास आलें होतें. न्यूयॉर्कच्या मेमोरिअल रुग्णालयांतील मार्टिन व एलिस यांनीं १९३० सालीं सुईनें पेशी ओढून निदान करण्याची पद्धति मांडली. पण ती सुई आंधळी होती. बोटांस जाणवेल तेवढेंच तिला सांपडे. तिला दृष्टि दिली ती चित्रांनीं. १९७७ सालीं स्वीडनमध्यें दोन कोनांतून घेतलेल्या क्ष-किरणचित्रांवरून गणितानें गांठीचें नेमकें ठिकाण काढणारें यंत्र सिद्ध झालें. १९९० च्या सुमारास अमेरिकेंत पार्कर यांनीं स्प्रिंगच्या जाड सुईची जोड त्यास दिली. आज बहुधा सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचें टोंक पाहत, जागा बधिर करून, गांठीचे बारीक तुकडे काढतात. टांका पडत नाहीं. बाई त्याच दिवशीं घरीं जाते.

आपल्या प्रांतांत या विद्येचा पाया १९४१ सालीं परळास उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयानें व तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं घातला. मराठवाड्यांतील रुग्णास तेथें जावयाचें म्हणजे रुंद रूळ येईपर्यंत मनमाडास गाडी बदलणें आलेंच. औरंगाबादेस १९५६ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याचेंच रुग्णालय आज 'घाटी' म्हणून सर्वांच्या तोंडीं आहे. शासकीय कर्करोग रुग्णालय मात्र २०१२ सालीं झालें. शहराचें नांव आतां छत्रपति संभाजीनगर आहे. जुनी भीति तेवढी अद्याप बदललेली नाहीं.

सुई लावल्यानें रोग पसरतो, ही त्या भीतीची नवी शाखा. स्तनाच्या गांठीपुरतें तरी तिला अनुभवाचा आधार नाहीं. उलट, तपासलेल्या गांठींपैकीं बहुतेक साध्याच निघतात, आणि त्या स्त्रियांची शस्त्रक्रियेंतून सुटका होते. जिची गांठ वाईट निघते, तिलाही रोगाची जात अगोदर कळते. औषध आधीं कीं शस्त्र आधीं, स्तन राखतां येईल कीं नाहीं, हें घरच्यांशीं बोलून ठरविण्यास चार दिवस मिळतात. आपल्या आज्यांना हे चार दिवस कधींच मिळाले नाहींत. ते आतां मिळतात, एवढी गोष्ट घरोघरच्या स्त्रियांच्या कानांवर घालणें हें शिकलेल्या माणसांचें काम आहे.