धार, पातं आणि सुताराची विद्या

मंडळी, आज मनवेलपाड्यात आपण रंधा मशीनच्या पात्यांविषयी बोलतोय. हाताच्या रंध्याला सुतार स्वतः दगडावर धार लावायचा. ती लावता येणं ही त्याची अर्धी विद्या होती. १९२३ साली जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टसारख्या धातूनं बांधण्याच्या पद्धतीचं पेटंट मागितलं. पुढे क्रुप कंपनीनं तो पदार्थ ‘विडिया’ नावानं, म्हणजे ‘हिऱ्यासारखा’ म्हणून विकला.

आता कटर हेडवर छोटी चौकोनी पाती स्क्रूनं बसवतात. एक कड बोथट झाली की पातं फिरवायचं, चारही संपल्या की बदलायचं. मग सुताराची विद्या संपली का? नाही, तिची जागा बदलली. पात्याच्या बैठकीत लाकडाची राळ किंवा भुशाचा कण राहिला, की पातं किंचित वर येतं आणि लाकडावर रेघ उमटते. कार्बाइड ठिसूळ, त्यामुळे स्क्रू आवळताना पातं तडकूही शकतं. स्क्रू सैल राहिला तर वेगात फिरणारं पातं सुटून माणसाला लागेल.

म्हणून आधी वीज तोडा, बैठक पुसा, मग स्क्रू सांगितलेल्या जोरानंच आवळा. पूर्वी धार बोटाला कळायची. बैठकीतला कण मात्र सहज दिसत नाही. नव्या पोराला मशीन देण्याआधी ही सफाई शिकवा.