शक्यता किती?

तीन वर्षांपूर्वी, ऐन मार्गशीर्षात, धाकटी बहीण घरी आली आणि चहा होण्याआधीच तिने विचारलं, "दादा, तू जुने कागद वाचत बसतोस ना, मग एवढं सांग. पोराला हार्वर्डात घेतील का? घरावर कर्ज काढायची तयारी ठेवायची की नाही, ते ठरवायचंय."

भाचा हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत. 'जीमॅट'मध्ये ७३०. एका सल्लागाराने सणसणीत फी घेऊन त्याला एका ओळीत निकाल दिला होता : भारतीय, पुरुष, इंजिनिअर, आयटी, शक्यता कमी. मी वाणिज्य पदवीधर. सहकारी बँकेत बावीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासले, मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन ग्रंथालयं धरली. अर्जदार कसा तोलायचा हे मला थोडं कळतं. पण हा तराजू कुणी आणि कधी बनवला, हे मला ठाऊक नव्हतं. बहिणीला उत्तर देण्याआधी तेच शोधायला बसलो.

आपल्याकडे हा प्रश्न मुळात असा नव्हताच. 'घेतील का' यापेक्षा 'पाठवणार कोण' हे मोठं होतं. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी उभारला, त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात परत येऊन दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची, असा करार. बँकेच्या भाषेत हे तारणच. तारण माणसाच्या आयुष्याचं, एवढाच फरक.

तिकडे व्यवसायशिक्षण तेव्हा कोवळंच होतं. व्हार्टन १८८१ चं, हार्वर्डचं बिझनेस स्कूल १९०८ चं. अनेक वर्षं प्रवेशाला सामायिक परीक्षा नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर अर्जांचे ढीग वाढले, तेव्हा कुठे १९५३ मध्ये काही संस्थांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि पुढच्या वर्षी परीक्षा सुरू झाली. पहिल्या खेपेला तेराशेच्या आसपास मुलं बसली. 'जीमॅट' हे नाव तिला १९७६ मध्ये मिळालं.

यातली एक गोष्ट सल्लागार सांगत नाहीत. खुद्द परीक्षा घेणाऱ्यांच्याच हिशेबाने त्या जुन्या पद्धतीतल्या एकूण गुणांत साधारण ३० ते ४० गुणांची मोजमापाची चूक धरावी लागे. म्हणजे ७०० आणि ७३० यांत माणूस निवडावा इतका भरवशाचा फरक नाही. हार्वर्डने तर १९८५ मध्ये ही परीक्षा बाजूलाच ठेवली होती. नव्वदच्या दशकात ती परत आणली. अकरा-बारा वर्षं तिच्यावाचून वर्ग भरलेच की!

मग भारतीय अर्जदाराची अडचण नेमकी कुठे? ती आपल्याच यशात आहे, असं माझं मत झालंय. १९६१ मध्ये सरकारने कलकत्ता आणि अहमदाबाद इथे व्यवस्थापन संस्था काढल्या. कलकत्त्याला एमआयटीचं साहाय्य, अहमदाबादला हार्वर्डचं. मुंबईत १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या मदतीने जमनालाल बजाज संस्था उभी राहिली. राहुल बजाज १९६४ मध्ये हार्वर्डमधून एमबीए झाले, तेव्हा असा भारतीय विद्यार्थी दुर्मीळ होता. पुढे आयआयटीचे आणि मग आयटीचे तांडे निघाले. मुंबई आयआयटीचे नितीन नोहरिया २०१० मध्ये हार्वर्डच्या त्याच स्कूलचे डीन झाले. त्यांच्यानंतर २०२१ पासून श्रीकांत दातार, मुंबईच्या झेवियर्सचे आणि अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे विद्यार्थी. आपला माणूस डीनच्या खुर्चीत बसला आणि आपला अर्जदार मात्र रांगेत आणखी मागे गेला. यात विरोधाभास वाटतो, पण नाही. हार्वर्डचा वर्ग साधारण साडेनऊशेचा. त्यात परदेशी मुलं एक-तृतीयांशाहून थोडी अधिक, आणि ती जगभरातून यायला हवीत. इन्सेड तर कुठल्याही एका राष्ट्रीयत्वाचं वर्चस्व होऊ देत नाही, हे उघडच सांगते. सारख्या गुणांचे, सारख्या नोकऱ्यांचे हजारो अर्ज एकाच देशातून आले, की त्यांची स्पर्धा जगाशी उरत नाही, आपापसांत लागते. गुण तुम्हाला दारापर्यंत नेतात. आत नेतो तो उरलेला कागद : निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत.

आणि तिथेच सल्लागाराने पोराचं नुकसान केलं होतं. भाच्याचा निबंध मी मागून घेतला. 'जागतिक नेतृत्व' वगैरे. कुणाचाही असता. फलटणकडच्या त्याच्या आजोळच्या दूध संस्थेत फॅट आणि लिटरची नोंद वहीत होई आणि दर दहा दिवसांच्या बिलावरून भांडणं लागत. याने दोन दिवाळीच्या सुट्ट्या घालून तिथे नोंदीचं सॉफ्टवेअर बसवलं. पहिल्या महिन्यात ते कोसळलं, गवळ्यांनी शिव्या घातल्या, मग त्यांच्यातल्याच एका बाईला हाताशी धरून त्याने ते पुन्हा उभं केलं. ही गोष्ट निबंधात नव्हती. 'गावठी वाटेल' म्हणून काढायला लावली होती. बँकेत मी असा अर्ज पाहिला असता तर बाकीची पानं उलटलीच नसती.

मी बहिणीला सांगितलं, ७३० ला आणखी वीस गुण जोडायला महिने घालवू नका. दूध संस्था परत आत घाला, कोसळलेल्या महिन्यासकट. आणि प्रवेशाचं पत्र हातात पडल्याशिवाय घराच्या कागदांना हात लावू नका. कर्ज मिळतं म्हणून काढायचं नसतं, हे मी माझ्या टेबलापलीकडे बसलेल्या किती बापांना सांगितलं असेल!

तिने विचारलं, "पण शक्यता किती, ते आकड्यात सांग ना."

आकडा दिला नाही. त्या वर्षी तीन ठिकाणी अर्ज गेले. हार्वर्डचा नकार आला, दुसऱ्या ठिकाणचाही आला. नकारात कारण लिहिलेलं नसतं. तिसरीकडे प्रतीक्षायादी, आणि जून उलटल्यावर युरोपातून प्रवेशाचं पत्र, थोड्या शिष्यवृत्तीसह. मुलाखतीत अर्धा वेळ दुधाच्या फॅटवरच गेला म्हणे. उरलेल्या रकमेचं कर्ज त्याने स्वतःच्या नावावर काढलं. बहिणीच्या फ्लॅटचे कागद अजून माझ्याच कपाटात आहेत. तिने त्या वेळी सांभाळायला दिले होते, ते परत न्यायला ती विसरली आहे.