कोसबादच्या कुरणावर

साल १९५७. घोलवड स्टेशनावर उतरून तुम्ही कोसबादची टेकडी चढताय. भंडाऱ्याच्या बालवाडीतल्या ताई तुम्ही. संमेलनात पोरांना कुठल्या गाण्यावर नाचवायचं, याची काळजी डोक्यात आहे. खाचरांत भात पिकलंय. वर शाळेची इमारत शोधू नका. गुरं चरताहेत, ती राखणारी वारली पोरं झाडाखाली बसलीत, शाळा तिथेच. ही कुरणशाळा. गुरं सोडून पोरांना येता येत नाही, म्हणून शाळाच कुरणात आली.

पासष्टीच्या ताराबाई मोडक सावलीत बसल्यात. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात त्यांनी माँटेसरी पद्धत आपलीशी केली, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, आणि तेव्हापासून सोबत असलेल्या अनुताई वाघ आता तुमच्या हातात दोन डब्या ठेवताहेत. हलवून बघा. एकीत वाळू सरकते, दुसरीत चिंचोके खुळखुळतात. समोरच्या डब्यांतून यांच्या जोड्या फक्त कानाने ओळखायच्या. तुम्ही अडखळता, शेजारचा पाच वर्षांचा मुलगा झटक्यात जोडी लावतो.

माँटेसरीबाईंच्या संचात आवाजाच्या अशाच पेट्या असतात, सहा जोड्या. शिवाय सुरांच्या घंटा, एका षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत १३, त्यांचेही दोन संच. इथे असा खर्च कुठून करणार? डब्यांचं काम चिंचोक्यांवर भागतं. सूर मात्र चिंचोक्यांतून निघत नाही.

तो पाड्यावर ऐका. संध्याकाळी तारपा वाजायला लागतो: वाळका दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, आणि वाजवणाऱ्याचा न तुटणारा दम. त्याच्याभोवती हातांची साखळी फिरते. त्याने चाल बदलली की सगळ्यांची पावलं बदलतात. कुणी तोंडाने सांगत नाही. तुम्ही थबकता. जमिनीवर आखलेल्या रेषेवरून मुलांना चालवायचं, संगीताची लय बदलली की त्यांनी ऐकून चाल बदलायची, हा पाठ तुम्ही माँटेसरीच्या प्रशिक्षणात शिकलात. इथे तो शाळा येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आणि आईच्या कडेवरचं मूलही त्यात सामील आहे. मुलांना संस्कृती द्यायला निघालेल्या आपण, त्यांच्या कानात आधीच काय साठलंय, हे विचारतो का कधी?

साखळीतली एक पोरगी तुमचा हात धरून विचारते, तुमच्याकडे काय नाचतात?

दंडार, तुम्ही सांगता. दिवाळीनंतर आमच्या भंडाऱ्याकडे, झाडीपट्टीत, गावोगाव मंडईची जत्रा भरते, तेव्हा. मग दाखवा की! ढोलकी नाही, टाळ नाहीत. अनुताईंची चिंचोक्यांची डबी पुढे येते. तुम्ही पदर खोचून पहिलं पाऊल टाकता, लाजेने ठेका चुकतो, आणि दोनच फेऱ्यांत डबी वाजवणारा पोरगा तो ठेका पकडून तुम्हालाच पुढे ओढत नेतो.