आयनांभोवतीचे पाणी

मीठ पाण्यात विरघळते तेव्हा त्यातील सोडियम आणि क्लोराइड हे विद्युतभारित कण, म्हणजेच आयन, सुटे होतात आणि प्रत्येकाभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे तयार होते. यालाच जलयोजन म्हणतात. हे कडे किती घट्ट आहे, हे अणुकेंद्रीय चुंबकीय शिथिलनाने अजमावता येते.

पाण्यातील हायड्रोजनचे अणुकेंद्र हे एक इवलेसे चुंबकच असते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात अशा अणुकेंद्रांची जी मांडणी होते, ती रेडिओलहरीने विस्कटता येते. ती पूर्ववत होण्यास लागणारा वेळ म्हणजे शिथिलन काळ. हा काळ रेणूंच्या हालचालीवर कसा अवलंबून असतो, हे ब्लूमबर्गन, पर्सेल आणि पाउंड यांनी १९४८ साली उलगडून दाखवले. २५ अंश सेल्सियसला, विरघळलेला ऑक्सिजन काढून टाकलेल्या शुद्ध पाण्यात तो सुमारे साडेतीन सेकंद असतो. रेणू मंदावले की तो घटतो.

लिथियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार मिसळले असता तो घटतोच. या लहान आयनांनी रेणू जखडून धरलेले असतात. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात मात्र तो चक्क वाढतो! म्हणजे या आयनांच्या सान्निध्यात पाणी शुद्ध पाण्यापेक्षाही चपळ होते. जर्मनीत कार्ल्सरूहे येथे एच. जी. हर्ट्झ यांनी (रेडिओलहरींचे हर्ट्झ ते वेगळे) अशी मोजमापे पद्धतशीरपणे केली.

तथापि मोजला जातो तो सरासरी काळ. कड्यातील आणि बाहेरील रेणूंची अदलाबदल इतकी वेगाने होते, की आयनाचा वाटा वेगळा काढण्यासाठी कड्यातील रेणूंची संख्या गृहीत धरावी लागते. आयन दूरवरच्या पाण्याचीही रचना ‘घडवतात’ वा ‘मोडतात’, ही जुनी भाषा त्यामुळे जपूनच वापरावी. २००३ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी अतिजलद लेसर स्पंदांनी तपासले, तेव्हा मॅग्नेशियमचा परिणाम पहिल्या कड्यापलीकडे आढळला नाही.

रुग्णालयातील एमआरआय तपासणीत हीच अदलाबदल उपयोगी पडते. गॅडोलिनियमच्या आयनात सात एकाकी इलेक्ट्रॉन असल्याने त्याला चिकटलेल्या पाण्याचे शिथिलन कमालीचे जलद होते. मोकळा गॅडोलिनियम विषारी, म्हणून तो एका सेंद्रिय रेणूत बंदिस्त करून शिरेतून देतात; पाण्याच्या एका रेणूपुरती जागा मात्र राखलेली असते. तेथे एक रेणू येतो, शिथिल होऊन निघून जातो आणि त्याची जागा दुसरा घेतो. सेकंदाला लाखो वेळा असे घडते आणि त्या भागातील ऊती प्रतिमेत उजळून दिसतात.