जीवनाचे पुस्तक : एका वर्गाच्या आठवणवहीची गोष्ट

वार्षिक परीक्षा संपलेली असते आणि निकाल अजून लागायचा असतो. त्या चार-सहा दिवसांत वर्गात काय करायचे, हा प्रश्न आपल्याला दरवर्षी पडतो. बऱ्याच शाळांत या दिवसांत मुलांकडून आठवणींची वही करून घेतात. ‘आमची सहल’, ‘मला आवडलेला तास’ असे मथळे फळ्यावर लिहिले जातात आणि मुले पाने भरतात. ही पाने वाचताना एक गोष्ट आम्हाला नेहमी खटकते. चाळीस मुलांनी पाहिलेल्या चाळीस सहली असायला हव्यात. वहीत मात्र एकच सहल चाळीस वेळा उतरते. सकाळी लवकर उठलो, गाणी म्हटली, खूप मजा आली.

असे का होत असावे? याचे उत्तर शोधताना फ्रान्समधल्या एका खेड्यातील वर्गाची हकिकत उपयोगी पडते.

सेलेस्तँ फ्रेने यांचा जन्म १८९६ मध्ये आग्नेय फ्रान्समधल्या डोंगराळ मुलखात झाला. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये त्यांच्या फुप्फुसाला गोळी लागली. १९२० मध्ये ते बार-स्युर-लू या गावच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा फार वेळ मोठ्याने बोलणेही त्यांना जड जाई. तासभर शिकवायचे तर धाप लागे. शिवाय क्रमिक पुस्तकातल्या धड्यांत मुलांचे मन रमत नसे. मग ते मुलांना घेऊन शाळेबाहेर पडू लागले. शेते, ओढे, कारागिरांची दुकाने पाहायची, परत येऊन त्यावर बोलायचे आणि बोललेले फळ्यावर लिहायचे, असा क्रम सुरू झाला. एकदा मुलांनी वर्गात गोगलगायींची शर्यत लावली. त्या दिवशी पुस्तकातला धडा बाजूला राहिला आणि शर्यतीची हकिकत फळ्यावर आली. तिचा शब्दन् शब्द मुलांनी उत्साहाने वाचला.

पण फळा संध्याकाळी पुसला जातो. लिहिलेले टिकवायचे कसे? १९२४ च्या सुमारास फ्रेने यांनी एक लहानसे छपाईयंत्र वर्गात आणले. मुले आपापले अनुभव लिहीत, वर्गात वाचून दाखवत आणि त्यांतला कोणता छापायचा ते मतदानाने ठरवत. निवडलेला मजकूर सगळे मिळून तपासत. मग शिशाचे खिळे जुळवायचे, शाईचा रूळ फिरवायचा आणि एकेक कागद दाबून काढायचा. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. त्यामुळे प्रत्येक अक्षराकडे नीट पाहावेच लागे. शुद्धलेखनाचा याहून चांगला तास कोणता असणार?

छापलेले पान प्रत्येक मुलाला मिळे. पानामागून पान जमत जाई आणि वर्षअखेर त्या वर्गाचे एक पुस्तक तयार होई. त्याला नाव होते ‘लिव्र द व्ही’, म्हणजे जीवनाचे पुस्तक. १९२६ पासून ही पाने टपालाने दूर ब्रिटनी प्रांतातल्या त्रेगंक गावी रने दानियल या शिक्षकाच्या वर्गाकडे जाऊ लागली आणि तिकडची पाने इकडे येऊ लागली. डोंगरातल्या मुलांना समुद्रकाठचे जगणे तिथल्या मुलांच्या शब्दांत वाचायला मिळाले. दुसऱ्या गावचे कोणी वाचणार आहे म्हटल्यावर नेमके आणि स्पष्ट लिहिणे भागच पडते.

आता आपल्या चाळीस सारख्या सहलींकडे येऊ. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांचे स्मरणावरील पुस्तक १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी इंग्लंडमधल्या वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही मिनिटांनी, काही दिवसांनी, काही महिन्यांनी ती आठवून लिहायला सांगितली. कथा आक्रसत गेली. अनोळखी तपशील गळाले किंवा ओळखीचे झाले. सीलची शिकार साधी मासेमारी झाली. बार्टलेट यांच्या म्हणण्यानुसार, आठवण म्हणजे पेटीतून काढलेली जुनी वस्तू नव्हे; आठवताना आपण ती नव्याने रचत असतो. डिसेंबरमधली सहल एप्रिलमध्ये लिहायला सांगितली की, मूल ‘सहल कशी असते’ तेच लिहिते. त्याच संध्याकाळी लिहिलेल्या पानावर मात्र गाडी लागलेला मित्र असतो, सांडलेले ताक असते.

मात्र असे खरे पान कधी कधी महाग पडते. फ्रेने १९२८ मध्ये साँ-पोल गावच्या शाळेत आले. तिथल्या एका मुलाने आपले स्वप्न लिहिले. गावचा महापौर शाळेचे साहित्य फुकट देत नाही म्हणून वर्ग बंड करतो आणि झटापटीत महापौर मारला जातो, असे ते स्वप्न होते. डिसेंबर १९३२ मध्ये तेच पान उद्धृत करणारी भित्तिपत्रके गावात लागली. शिक्षक मुलांना बिघडवतो, असा गदारोळ उठला, वर्तमानपत्रे त्यात उतरली आणि १९३३ मध्ये फ्रेने यांची बदली झाली. सरकारी शाळा सोडून त्यांनी वाँस येथे स्वतःची शाळा काढली. ती १९३५ मध्ये सुरू झाली. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले.

या प्रसंगातून, मुलांना खरे लिहू देऊ नये, असा धडा काढता येईल. आम्हाला तो पटत नाही. स्वप्न लिहिणे ही चूक नव्हती. पण एका मुलाचे पान मोठ्यांच्या भांडणातले हत्यार झाले, हेही विसरता येत नाही. कोणते पान वर्गाबाहेर जाईल आणि कोणते लिहिणाऱ्यापाशीच राहील, हे त्या मुलाला विचारून ठरवायला हवे. घरातले भांडण, आजारपण, मार खाल्ल्याचा दिवस अशी पाने येणारच. ती आली तर मुलाचा आपल्यावर विश्वास आहे, असे समजावे.

आपल्या शाळांना हस्तलिखितांची परंपरा आहे. पण त्यात निवडक मुलांचे निवडक साहित्य, सुंदर अक्षर असलेल्या एखाद्या मुलीने लिहून काढलेले असते. जीवनाच्या पुस्तकात वेडेवाकडे अक्षरही चालते. त्यासाठी छापखाना लागत नाही. जूनपासून आठवड्याला एक मूल एक पान लिहील. पानावर तारीख आणि नाव असेल. शुद्धलेखनाला आपण मदत करू. मजकुराला हात लावणार नाही. एप्रिलमध्ये उरते ते पुठ्ठा, दाभण आणि दोऱ्याचे काम.

आणि यंदा पाने जमवायची राहूनच गेली असतील तर? तर मुलांना थेट आठवायला सांगू नका. आधी पुरावे काढायला सांगा. प्रयोगवहीतली तारीख, पावसाच्या नोंदी, हजेरीपटावरची गैरहजेरी, चित्रकलेचा एखादा जुना कागद. ‘या दिवशी तू कुठे होतास?’ असे विचारले की, मूल थांबते, विचार करते आणि मग जे लिहिते ते शेजारच्याच्या पानासारखे नसते. इतिहासकार याच वाटेने जातो. पुढच्या जूनमध्ये मात्र पहिले पान पहिल्याच आठवड्यात लिहून घ्यावे.