राखीव क्षमतेचा मालक कोण? : घरगुती संगणकाच्या ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास (१९८४-२०२४)

प्रस्तावना :

संगणकाच्या प्रोसेसरवर छापलेला वेगाचा आकडा हा त्या यंत्राचा अंगभूत गुणधर्म आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिप्स एकाच वेळी घडवल्या जातात. त्यातील प्रत्येक चिप किती वेगाला, किती व्होल्टेजवर आणि किती तापमानापर्यंत बिनचूक चालते, हे तपासून तिची प्रतवारी होते. धान्याची प्रतवारी करावी तशीच ही पद्धत आहे. मात्र या प्रतवारीत उत्पादक आणखी दोन गोष्टी मिसळतो. पहिली म्हणजे सुरक्षिततेसाठी राखलेले अंतर. कारण ही चिप धूळ साचलेल्या पेटीत, अस्थिर वीजपुरवठ्यावर अनेक वर्षे चालावी लागते. दुसरी म्हणजे बाजाराची निकड. स्वस्त चिपला मागणी अधिक असेल, तर अधिक वेगाला पात्र असलेल्या चिपवरही कमी आकडा छापला जातो.

छापील आकडा आणि प्रत्यक्ष क्षमता यांच्या दरम्यान उरलेली ही राखीव जागा वापरकर्त्याने स्वतःच्या जबाबदारीवर वापरणे, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. या विषयाकडे बहुधा हौशी तरुणांचा खेळ म्हणून पाहिले जाते आणि त्यामुळे त्याचा इतिहास दुर्लक्षित राहतो. परंतु ही राखीव जागा विकत घेणाऱ्याची की बनवणाऱ्याची, हा त्यामागील प्रश्न चाळीस वर्षे उत्पादक आणि ग्राहक यांच्यात झगडत राहिला आहे. प्रस्तुत निबंधात त्या झगड्याचा मागोवा घेतला आहे.

स्फटिक बदलण्याचा काळ :

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमधील ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाने चालत असे. त्या प्रोसेसरची प्रत ५ मेगाहर्ट्झची होती. तरीही वेग त्याखाली राहिला, कारण संगणकातील १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीच्या संकेताशी जुळेल असा निवडला होता आणि त्याला तीनने भागून हा आकडा निघाला होता. म्हणजे या लोकप्रिय वैयक्तिक संगणकाचा वेग प्रोसेसरच्या ताकदीवर नव्हे, तर दूरचित्रवाणीच्या सोयीवर ठरला होता.

१९८४ मध्ये आयबीएमने पीसी एटी हे पुढील यंत्र आणले. त्यातील ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चाले. त्यासाठी १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसवलेला असून त्याच्या कंपनांना दोनने भागले जात असे. हा स्फटिक काढून त्या जागी १६ मेगाहर्ट्झचा बसवला की संगणक थेट ८ मेगाहर्ट्झवर चालू लागे. स्फटिकाची किंमत अगदीच किरकोळ होती. वापरकर्त्यांनी ही युक्ती लवकरच आत्मसात केली आणि आयबीएमने तिला उत्तरही दिले. १९८५ च्या अखेरच्या बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना प्रथम चालणाऱ्या आज्ञासंचामध्ये, वेग तपासणारी एक चाचणी घालण्यात आली. यंत्र ठरलेल्यापेक्षा जलद आढळले, तर ते सुरूच होत नसे. १९८६ मध्ये आयबीएमने स्वतःच ८ मेगाहर्ट्झचा एटी बाजारात आणला. या क्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते : ती बंदी केवळ यंत्राच्या काळजीपोटी घातलेली नव्हती.

गुणक, जंपर आणि बनावट शिक्के :

१९९२ मध्ये इंटेलच्या ४८६डीएक्स२ प्रोसेसरने गुणकाची पद्धत रूढ केली. प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणाऱ्या मार्गाचा, म्हणजे बसचा वेग आणि प्रोसेसरचा आंतरिक वेग हे आता वेगळे झाले. बस ३३ मेगाहर्ट्झवर चाले आणि प्रोसेसर त्याच्या दुपटीने, ६६ वर. पेंटियमच्या काळात हे दोन्ही आकडे मदरबोर्डवरील जंपर नावाच्या लहानशा टोप्या इकडून तिकडे लावून बदलता येऊ लागले. आता डाग देण्याचे यंत्र किंवा नवा स्फटिक लागत नव्हता. चिमटा आणि मदरबोर्डची पुस्तिका पुरेशी होती.

याच सुलभतेने एक गैरप्रकारही जन्माला घातला. १९९० च्या दशकाच्या मध्यास कमी वेगाच्या प्रोसेसरवरील छाप खरवडून त्यावर मोठा आकडा छापायचा आणि तो चढ्या भावाने विकायचा, असा व्यवसाय अनेक देशांत फोफावला. त्यानंतर इंटेलने आपल्या प्रोसेसरांचा गुणक कायमचा बंद करून टाकला. हौशी मंडळींनी हा आपल्या हक्कावरील घाला मानला आणि आजही तो तसाच सांगितला जातो. ही मांडणी अपुरी आहे. बनावट शिक्क्याचा प्रोसेसर विकत घेणाऱ्याला आपला संगणक राखीव क्षमतेवर चालतो आहे, याची कल्पनाही नसे. यंत्र वारंवार बंद पडले तर तो स्वतःच्या वापराला दोष देई. जाणीवपूर्वक पत्करलेली जोखीम आणि नकळत माथी मारलेली जोखीम यांतील फरक या इतिहासात फार महत्त्वाचा आहे.

सेलेरॉन ३००ए : १९९८ :

ओव्हरक्लॉकिंग घराघरांत पोहोचवण्याचे श्रेय एका स्वस्त चिपला द्यावे लागते. एप्रिल १९९८ मध्ये इंटेलने स्वस्त संगणकांसाठी सेलेरॉन हा प्रोसेसर आणला. दुसऱ्या स्तराची कॅश मेमरी त्यात मुळीच नसल्याने त्याची बरीच हेटाळणी झाली. ही चूक सुधारण्यासाठी २४ ऑगस्ट १९९८ रोजी सेलेरॉन ३००ए सादर झाला. त्यात १२८ किलोबाइट कॅश प्रोसेसरच्याच चिपवर असून ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालत असे. त्याच दिवशी आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या महागड्या पेंटियम टूमध्ये कॅश ५१२ किलोबाइट होती खरी, पण ती वेगळ्या चिप्समध्ये आणि निम्म्या वेगाची होती. घाऊक खरेदीसाठी पहिल्याची किंमत १४९ डॉलर आणि दुसऱ्याची ६६९ डॉलर होती.

सेलेरॉनचा गुणक ४.५ वर बंद होता, मात्र बसचा वेग मदरबोर्डच्या हातात होता. ६६ च्या जागी १०० मेगाहर्ट्झ केल्यास गणित सरळ ४५० वर येई. अबिट कंपनीच्या बीएच६ मदरबोर्डवर तर जंपरही नव्हते. वेग पडद्यावरील यादीतून निवडता येत असे. ज्यांच्या मदरबोर्डवर ही सोय नव्हती, त्यांच्यापैकी काहींनी प्रोसेसरच्या पट्टीवरील बी२१ क्रमांकाचा संपर्कबिंदू चिकटपट्टीने झाकून मदरबोर्डला १०० मेगाहर्ट्झची चिप असल्याचे भासवले. अनेक चिप्स मूळच्या २ व्होल्टवरच, साध्या पंख्यासह या वेगाला टिकल्या. सर्वच टिकल्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

या यशामागे एक तांत्रिक कारण होते आणि त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. बसचा वेग वाढला की तिच्या आधारे चालणाऱ्या इतर मार्गांचाही वाढतो. ४४०बीएक्स या चिपसेटमध्ये १०० मेगाहर्ट्झसाठी तीनने भागण्याची अधिकृत सोय होती. त्यामुळे हार्ड डिस्क, साउंड कार्ड इत्यादी ज्या पीसीआय मार्गावर अवलंबून असत, तो ३३ मेगाहर्ट्झ या नियत वेगावरच राहिला. याउलट ज्यांनी ८३ मेगाहर्ट्झ असा मधला वेग निवडला, त्यांच्याकडे दोननेच भागाकार होऊन हा मार्ग ४१.५ मेगाहर्ट्झवर गेला आणि डिस्कवरील माहिती बिघडण्याचा धोका उत्पन्न झाला. म्हणजे अधिक धाडसी दिसणारा आकडाच अधिक सुरक्षित होता.

पेन्सिलीची रेघ आणि जळालेले प्रोसेसर :

२००० साली एएमडी कंपनीच्या थंडरबर्ड अॅथलॉन व ड्युरॉन या प्रोसेसरांचा गुणक त्यांच्या पृष्ठभागावरील एल१ नावाचे सूक्ष्म पूल तोडून बंद केलेला असे. पेन्सिलीतील ग्रॅफाइट वीजवाहक असल्याने त्या तुटलेल्या पुलांवर शिसपेन्सिलीने रेघा ओढल्या की गुणक मोकळा होई. अब्जावधींच्या उद्योगाचे कुलूप शालेय साहित्याने उघडावे, हा योग विरळाच. २००१ च्या अॅथलॉन एक्सपीमध्ये पुलांच्या जागी लेसरने खड्डे पाडण्यात आले आणि पेन्सिलीचा उपयोग संपला.

त्याच वर्षी टॉम्स हार्डवेअर या प्रकाशनाने चालू प्रोसेसरवरील उष्णताशोषक काढून टाकण्याची चाचणी केली. पेंटियम फोरने स्वतःचा वेग उतरवला आणि तो वाचला. अॅथलॉन काही क्षणांत जळून गेला. राखीव जागा वापरणाऱ्यांना संरक्षण यंत्रातच असते असे गृहीत धरता येत नाही, हे या चाचणीने दाखवून दिले.

जोखमीचे स्वरूप :

प्रोसेसरची चलित वीजखपत वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्के आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर खपत १.२ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. ती सर्व अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. त्यामुळे थंड प्रदेशातील हौशी लोकांनी प्रसिद्ध केलेले आकडे विदर्भातील मे महिन्यात, जेथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे ठरते.

उष्णतेहून संथ असा दुसरा धोका इलेक्ट्रोमायग्रेशनचा. वाहत्या इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने तारांमधील धातूचे अणू जागा सोडतात आणि कालांतराने तार तुटते. प्रवाहघनता व तापमान यांच्याशी याचा संबंध जोडणारे समीकरण मोटोरोलातील जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडले. २००२ च्या सुमारास १.५ व्होल्टच्या नॉर्थवूड पेंटियम फोरला १.७ व्होल्टपेक्षा अधिक देणाऱ्यांचे प्रोसेसर काही आठवड्यांत वा महिन्यांत अचानक निकामी होऊ लागले. पूर्वीच्या पिढीला पचलेले व्होल्टेज बारीक तारांच्या नव्या पिढीला पचले नाही.

तथापि जळालेला प्रोसेसर ही खरे तर सौम्य हानी आहे, कारण ती दिसते. मूक चूक तशी दिसत नाही. सीमेवर चालणारा प्रोसेसर बंद न पडता क्वचित एखादा बिट चुकीचा लिहितो. संगणक व्यवस्थित चालू राहतो. महिन्यांनंतर एखादे छायाचित्र उघडत नाही किंवा हिशेबाच्या तक्त्यातील एक आकडा बदललेला असतो. तोवर त्याची चुकीची प्रतच सुरक्षित साठ्यातही गेलेली असते. मोठ्या अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी तयार झालेली प्राइम९५ ही आज्ञावली ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांनी कसोटी म्हणून स्वीकारली, ती यामुळेच. तिच्या गणितांची उत्तरे आधीच ज्ञात असतात आणि एक अंक चुकला तरी तो उघड होतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख ग्राहकांच्या संगणकांवरील बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वाढीव वेगाच्या यंत्रांत बिघाडाची शक्यता बरीच अधिक, तर नियत वेगापेक्षा कमी वेगाने चालवलेल्या यंत्रांत ती कमी आढळली.

परवाना ते स्वयंचलन :

पुढे उत्पादकांनी विरोध सोडून विक्रीचा मार्ग पत्करला. एएमडीने २००७ मध्ये ब्लॅक एडिशन या नावाने, तर इंटेलने २०१० मध्ये नावाअखेर के हे अक्षर लावून खुल्या गुणकाचे प्रोसेसर आणले. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत बसचा वेग इतर सर्व मार्गांशी जखडला गेला आणि स्वस्त चिपचे सोने करण्याचा जुना मार्ग जवळपास बंद झाला. जी जागा पूर्वी फुकट हाती लागत असे, ती आता जादा किंमत मोजून मिळू लागली. २०१२ पासून इंटेलने ओव्हरक्लॉकिंगमुळे निकामी होणाऱ्या प्रोसेसरसाठी वेगळी संरक्षण योजनाही विकली. ती २०२१ मध्ये बंद झाली.

याहून दूरगामी बदल २००८ मध्ये नेहालेम पिढीतील टर्बो बूस्टने झाला. तापमान व वीजखपत यांना वाव असेल, तर प्रोसेसर आपण होऊन वेग वाढवू लागला. राखीव जागा प्रथम ग्राहकाने घेतली होती. आता ती उत्पादकानेच क्षणाक्षणाला वापरायला सुरुवात केली. त्यासोबत तिची जोखीमही त्याच्याकडे गेली. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर मदरबोर्डच्या खाचेसह जळाल्याचे उघड झाले आणि एका व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घालावी लागली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी वाढल्या. आरंभी बोट मदरबोर्डच्या सैल मर्यादांकडे दाखवले गेले. जुलैमध्ये मात्र इंटेलने प्रोसेसरचा स्वतःचाच मायक्रोकोड अवाजवी व्होल्टेज मागत असल्याचे मान्य केले. हे प्रोसेसर वापरणाऱ्या अनेकांनी एकही आकडा बदललेला नव्हता. ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड देण्यात आला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवण्यात आली. परंतु ज्या चिप्स तोवर झिजल्या होत्या, त्या या सुधारणेने पूर्ववत होणाऱ्या नव्हत्या आणि त्या बदलून घेणे एवढाच मार्ग उरला.