ऑनलाइन जुगार: जाहिरातीत हिरो, बातमीत कोटी अन् गावात उधारी

नागपूर: कापूस विकला, धानाचे पैसे आले, पीककर्ज खात्यात जमा झालं की त्याच मोबाइलवर "रोज जिंका"वाले मेसेजही येऊ लागतात. ऑनलाइन जुगाराबद्दल गावातल्या माणसाला जे काही माहीत असतं, ते बहुतेक टीव्ही, पेपर, यूट्यूब आणि व्हॉट्सअॅपवरूनच आलेलं असतं. त्यात जाहिरात कोणती, बातमी कोणती आणि फसवणूक कोणती, हे ओळखता यावं म्हणून ही माहिती.

आकड्यापासून अॅपपर्यंत

सट्टा विदर्भाला नवा नाही, आणि त्याचं कापसाशी जुनं नातं आहे. मटक्याची सुरुवातच मुळात कापसाच्या भावावरून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईला तारेने येणाऱ्या भावाच्या आकड्यांवर लोक पैसे लावत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आकडे बंद झाले, मग मडक्यातून चिठ्ठ्या काढणं आणि पुढे पत्त्यांवर आकडा काढणं सुरू झालं.

तेव्हा मटका लावणारा माणूस लपून जायचा. पेपरात मटक्याची बातमी यायची ती धाडीची. मोबाइलने हे उलटं केलं. पैसे लावायचा खेळ टीव्हीवर, मॅचच्या मधात, घरच्या सगळ्यांसमोर दिसू लागला आणि त्याला "गेमिंग" हे नवं नाव मिळालं. जुगार म्हटलं की आई-बाप रागावतात, गेम म्हटलं की कोणी विचारत नाही. नावाच्या या बदलातच अर्धं काम झालं.

"कौशल्याचा खेळ" म्हणजे काय?

सुप्रीम कोर्टाने १९६८ साली आंध्र प्रदेशच्या एका प्रकरणात म्हटलं होतं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, तीनपत्तीसारखा निव्वळ नशिबाचा नाही. रमीच्या आणि क्रिकेट टीम बनवायच्या कंपन्यांनी हाच धागा पकडून वर्षानुवर्षे जाहिराती केल्या. जाहिरातीत नामी खेळाडू आणि नट दिसायचे. "या खेळात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते" हे वाक्य मात्र शेवटी इतक्या भरधाव म्हटलं जायचं की ऐकू यायच्या आत संपायचं.

या जाहिरातींविरुद्ध विदर्भातूनही आवाज उठला होता. अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या मुंबईतल्या घरासमोर आंदोलन केलं. भारतरत्न मिळालेल्या माणसाने ऑनलाइन गेमची जाहिरात करू नये, एवढीच त्यांची मागणी होती. पोलिसांनी आंदोलकांवर गुन्हा दाखल केला. बातमी गाजली ती "सचिनच्या घरासमोर राडा" म्हणून. खेळात पैसे कसे जातात, हा मूळ प्रश्न मागेच राहिला.

सरकारने माध्यमांना काय सांगितलं होतं?

• डिसेंबर २०२०: पैशाच्या ऑनलाइन गेमच्या जाहिरातीत १८ वर्षांखालचं कोणी दाखवू नये, हा खेळ कमाईचा मार्ग किंवा नोकरीला पर्याय म्हणून दाखवू नये आणि जोखमीची सूचना ठळक द्यावी, असे नियम जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने केले. ते पाळा, असं माहिती व प्रसारण मंत्रालयाने टीव्ही चॅनलना सांगितलं.

• जून २०२२: ऑनलाइन सट्ट्याच्या जाहिराती छापू किंवा दाखवू नका, असा सल्ला पेपर, टीव्ही आणि डिजिटल माध्यमांना.

• ऑक्टोबर २०२२: सट्टेबाजीच्या कंपन्या बातम्यांच्या वेबसाइटचं सोंग घेऊन जाहिरात करतात, हे सरकारने उघड सांगितलं. फेअरप्ले, परिमॅच, बेटवे, वुल्फ ७७७, वनएक्सबेट ही नावं त्यात होती. नाव तेच, चिन्ह तेच, फक्त पुढे "न्यूज" किंवा "ब्लॉग" जोडलेलं.

• मार्च २०२४: इन्स्टाग्राम, यूट्यूबवरच्या प्रसिद्ध मंडळींनी अशा जाहिराती करू नयेत, असा इशारा.

एकच गोष्ट इतक्या वेळा सांगावी लागली, यावरून पहिल्यांदा सांगितलेलं किती पाळलं गेलं ते समजतं.

नागपूर-गोंदिया प्रकरण: ५८ कोटी दिसले, ८ लाख नाही

जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने पोलिसांत तक्रार दिली. ऑनलाइन जुगारात आपली सुमारे ५८ कोटी रुपयांची फसवणूक झाली, असं त्याचं म्हणणं होतं. नागपूर पोलिसांनी गोंदियात संशयिताच्या घरावर छापा टाकला. पहिल्याच झडतीत सुमारे १४ कोटी रोख आणि ४ किलो सोनं मिळाल्याचं पोलिसांनी सांगितलं. संशयित दुबईला पळाल्याचंही तेव्हा सांगण्यात आलं.

नोटांच्या थप्प्यांचे फोटो देशभर फिरले. पण शिकण्यासारखी गोष्ट पोलिसांच्या माहितीत एका ओळीत होती. सुरुवातीला व्यापाऱ्याला व्हॉट्सअॅपवर एक लिंक आली. ती उघडली तर खात्यात ८ लाख रुपये आधीच जमा दिसत होते. मग त्याने खेळायला घेतलं. आधी जिंकला, नंतर हरतच गेला. जिंकले सुमारे ५ कोटी, गेले ५८ कोटी.

खेड्यात हेच ८०० रुपयांपासून सुरू होतं. कोणीतरी "आयडी" देतो, अॅपमध्ये पॉइंट दिसतात, पहिले दोन-चार डाव लागतात, हजार-दोन हजार खरंच खात्यात येतात. भरवसा बसला की रक्कम वाढते. मग पैसे काढायला गेलं की "आधी टॅक्स भरा", "सर्व्हर बंद आहे" अशी कारणं सुरू होतात. नकली अॅपमध्ये पत्ता कोणता पडेल, हे चालवणाराच ठरवतो. तिथे ना नशीब चालतं, ना कौशल्य.

महादेव अॅप आणि लग्नाची बातमी

गोंदियाला लागून असलेल्या छत्तीसगडमधून महादेव अॅपचं प्रकरण पुढे आलं. ५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने महादेवसह २२ बेकायदा सट्टा अॅप आणि वेबसाइट बंद केल्या. याही प्रकरणात सगळ्यात जास्त वाचली गेली ती परदेशातल्या थाटामाटाच्या लग्नाची बातमी. ईडीच्या म्हणण्यानुसार त्या लग्नावर सुमारे २०० कोटी रुपये रोख उडवले गेले. कोणते नट गेले, कोण गायलं, याची चर्चा महिनोन् महिने चालली. ते २०० कोटी ज्यांच्या खिशातून गेले, त्यांच्या घरी कोणाचा कॅमेरा गेला नाही.

विधिमंडळातली रमी

जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारा व्हिडिओ आमदार रोहित पवार यांनी समोर आणला. आपण खेळत नव्हतो, मोबाइलवर आलेला गेम बंद करत होतो, असं कोकाटे यांचं म्हणणं होतं. त्या महिन्याच्या अखेरीस त्यांच्याकडचं कृषी खातं काढून दत्तात्रय भरणे यांना देण्यात आलं. शेतकऱ्यांत राग होता, व्हॉट्सअॅपवर विनोदही खूप फिरले. मंत्र्याचं खातं बदललं, पण त्याच मोबाइलवर येणाऱ्या रमीच्या जाहिरातीबद्दल फारसं कोणी विचारलं नाही.

२०२५ चा कायदा काय म्हणतो?

ऑनलाइन गेमिंगचं विधेयक संसदेने २१ ऑगस्ट २०२५ ला मंजूर केलं, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत २० हजार कोटींच्या आसपास गमावतात, असा सरकारचा अंदाज त्या वेळी सांगितला गेला. या कायद्यातल्या मुख्य गोष्टी:

• पैसे लावून खेळायचा ऑनलाइन गेम कौशल्याचा असो की नशिबाचा, दोन्हींवर बंदी.
• असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही.
• जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
• पैशाची देवाणघेवाण करून देणाऱ्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही.
• या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. महाराष्ट्राचा १८८७ चा जुगारबंदी कायदा मात्र वेगळा आहे.

त्यानंतर ड्रीम११ ने पैशाचे खेळ बंद केले आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून त्यांचं नावही गेलं. पण कंपनीचं कार्यालय असलेले खेळ थांबले, म्हणून टेलिग्राम आणि व्हॉट्सअॅपवरून आयडी विकणारे थांबतीलच असं नाही. उलट आता पैसे मागणारी लिंक आली, तर ती बेकायदा समजूनच चालायचं.

बातमी की जाहिरात, कसं ओळखायचं?

१. बातमीच्या शेवटी लिंक, कोड किंवा बोनस असेल तर ती जाहिरात.
२. "अमुक गावच्या मजुराने ४९ रुपयांत कोटी जिंकले" असं असेल, तर त्याच डावात किती जण हरले ते शोधा. तो आकडा दिलेलाच नसतो.
३. मोठ्या नटाचा किंवा खेळाडूचा व्हिडिओ बनावटही असू शकतो. चेहरा आणि आवाज आता कॉम्प्युटरवर तयार होतो.
४. धाडीच्या बातमीत सोनं-नाणं वाचून थांबू नका. पैसे कोणाचे गेले आणि कसे गेले, ती ओळ शोधा.

खातं भाड्याने देऊ नका

जुगाराचे पैसे फिरवायला दुसऱ्यांची बँक खाती लागतात. "फक्त पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे" असं सांगून गावातल्या पोरांची खाती घेतली जातात. गुन्हा दाखल झाला की पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. खातं गोठलं की पीएम किसानचा हप्ता, पीकविम्याचे आणि कापसाचे पैसे सगळं त्यात अडकतं.

कुठे सांगायचं?

पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर सांगाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, चॅट पुसू नका. सवय सुटत नसेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालयात उपचाराची सोय आहे.

घरात कोणी हरला असेल, तर आधी त्याला शिव्या देऊ नका. लाजेने माणूस गप्प बसतो आणि गेलेले पैसे भरून काढायला सावकाराकडे किंवा पुन्हा त्याच अॅपकडे जातो. घरात वेळेवर कळलं, तर निदान दुसरं कर्ज तरी वाचतं.